आधी जुनं संपवा

३ डिसेंबर

मास्तर,

पत्राच्या सुरुवातीला नमस्कार लिहायची पद्धत आहे. लिहिला. पोचला असं समजा.

साडू हा नात्यातला मोठा विचित्र प्रकार आहे. दोन माणसांनी एकमेकांचं काही बिघडवलेलं नसतं. फक्त एकाच घरातल्या दोन बहिणींशी लग्न केलेलं असतं, आणि तेवढ्या गुन्ह्यासाठी जन्मभर एकमेकांना सहन करावं लागतं. मी तुम्हाला सहन केलं. घरच्या लग्नात तुम्ही पाहुण्यांना ओळीने उभं करून शिट्टी वाजवलीत, तेव्हाही मी तोंड उघडलं नाही. पण आता गोष्ट माझ्या घरापर्यंत आली आहे.

तुमच्या बायकोचं मनगट मोडलं. मदतीला कुणी नाही म्हणून तिची थोरली बहीण, म्हणजे माझी बायको, पंधरा दिवसांच्या बोलीवर तुमच्याकडे आली. मीच तिला बसमध्ये बसवून दिलं. त्याला आता दोन महिने होत आले. मनगट जुळलं, प्लास्टर निघालं, तुमची बायको पुन्हा पिशव्या उचलायला लागली, आणि माझी बायको अजून तिथेच. फोन केला की "येईन हो, घाई काय आहे?" म्हणते आणि ठेवून देते. तुम्ही तर फोन घेतच नाही, कारण फोनवर बोलायला बसावं लागतं आणि तुमच्या मते बसणं हे पाप आहे. म्हणून हे पत्र.

तिच्याकडून तुटक तुटक जे कळलं, त्यावरून यंदा तुमच्या डोक्यात नवं खूळ शिरलं आहे. सकाळी चालत निघावं आणि जेवणाच्या वेळेपर्यंत चालत परत यावं, एवढ्या टापूत जे पिकतं तेच खायचं. तेही त्या ऋतूतलंच. आणायचं ते पायीच. म्हणजे कोबी, गाजर, सलगम, बीट. आणि कंटाळा आला तर बीट, सलगम, गाजर, कोबी. वा! उभा जन्म शाळेतल्या पोरांना मैदानाभोवती पळवलंत. आता निवृत्तीनंतर पोरं मिळेनात, म्हणून म्हाताऱ्या बायका धरल्यात काय?

एक विचारतो. चहा कुठल्या बांधावर लावलाय? आणि मिठासाठी समुद्रावर चालत गेलात, तर जेवणापर्यंत परत येता का?

मी आयुष्यभर शीतगृह चालवलं. या शहराला भर थंडीत द्राक्षं आणि भर उन्हात गाजरं कुणामुळे मिळाली ते लोकांना विचारा. ऋतू नावाची कटकट माणसाच्या मागून सोडवायला आमच्यासारख्यांची हाडं गोठली. आणि तुम्ही ती कटकट पुन्हा हौसेने गळ्यात बांधून घेता, वर त्याला आरोग्य म्हणता. उंटावरचा शहाणा ऐकून होतो, टेकडीवरचा आता पाहिला.

येत्या रविवारच्या बसने तिला पाठवा. तिचे गुडघे दुखतात, तिला दम लागतो, वाफ्यात राबायची तिला सवय नाही. इथे घरी सगळं उत्तम चाललं आहे, तेव्हा माझी अडचण होते म्हणून लिहिलं असा अर्थ काढू नका.

तुमचा साडू


१२ डिसेंबर

बर्फसाहेब,

तुमच्या हाताखालचे लोक तुम्हाला याच नावाने ओळखायचे, म्हणून मीही तेच वापरतो. नमस्कार पोचला. गार होता.

ताईंना मी बांधून ठेवलेलं नाही. दार उघडं आहे, बस पायथ्याशी रोज येते. त्या गेल्या नाहीत, याचा विचार ज्याचा त्याने करावा.

आता आमच्या खुळाबद्दल. भिंतीवर फळा लावला आहे. या आठवड्यात कुठल्या वाफ्यात काय तयार आहे ते त्यावर मी स्वतः लिहितो. उजाडलं की शिट्टी. शिट्टीवर आळीतली सात-आठ मंडळी दारात येतात. मी पुढे, बाकीचे मागे. वरच्या पाण्याच्या टाकीपर्यंत चढ, मग मळे, मग पिशवी भरून उतार. गाजरं आम्ही जमिनीतच ठेवतो, वरून पेंढा अंथरतो, लागतील तेवढीच उपटतो. दंव गोठायला लागलं की गाजर जास्त गोड होतं हे तुमच्या त्या लोखंडी खोल्यांत कुणी तुम्हाला सांगितलं नसेल. घरी येऊन गरम गरम खायचं, दिवसभर काम करायचं, रात्री झोप. औषधांची पेटी मी माळ्यावर टाकली.

चहाला सूट आहे. मिठालाही आहे. नियम माझे आहेत, तेव्हा सूट कशाला द्यायची हेही मीच ठरवणार.

ताई आल्या तेव्हा पहिल्या वळणावर कठड्याला धरून उभ्या राहिल्या होत्या. ओठ पांढरे. मला वाटलं, आता साहेबांना तार करावी लागते. आज त्याच ताई टाकीपर्यंत जातात आणि वर पोचून बोलतात. साहेब, तुमच्या घरी त्या बोलायच्या का हो? कारण मी इतक्या वर्षांत त्यांना "हो" आणि "वाढू का?" यापलीकडे बोलताना ऐकलं नव्हतं. ही सगळी या पद्धतीची करामत आहे, दुसरं काही नाही. तुम्ही शिळ्या कढीला ऊत आणण्यात हयात घालवलीत, तुम्हाला ते पटायचं नाही.

त्यांना न्यायचं असेल तर स्वतः या. मात्र आमच्या टेकडीवर गाडी चढत नाही. आणि गोदामातल्या माणसाला इथवर चढवेल असं मला वाटत नाही.

मास्तर


२० डिसेंबर

मास्तर,

तुमचं पत्र वाचून हसावं की तुमच्या बायकोची कीव करावी ते ठरेना. पी हळद अन् हो गोरी. दोन महिने बीट खाल्लं आणि गुडघे बरे झाले, जीभ मोकळी झाली, औषधं माळ्यावर गेली. अजून थोडी कळ काढा, तुमच्या डोक्यावर केसही येतील.

थोडा इतिहास ऐका, कारण शाळेत असताना तुमचा वावर वर्गात नव्हे, मैदानावर होता. आपले पणजोबा-खापरपणजोबा तुमच्यासारखंच खायचे, चालत मिळेल तेवढंच आणि ऋतूतलंच. त्यांना दुसरा इलाज नव्हता म्हणून. थंडी लांबली की त्यांच्या हिरड्या सुजायच्या, दात पडायचे, आणि एखादं वर्ष बुडालं की घरातलं कुणीतरी कमी व्हायचं. उपासमार हीसुद्धा मास्तर, स्थानिक आणि ऋतूप्रमाणेच असायची. माणसाने साठवायला शिकून तिला हरवलं. आणि तुमच्या माळ्यावर ते भोपळे ओळीने ठेवले आहेत असं ही फोनवर म्हणाली, ते काय आहे? तेही शीतगृहच. फक्त विजेचं बिल येत नाही, आणि थंडी वाजते ती घरमालकाला.

सोबत बसने एक पेटी पाठवली आहे. काळी द्राक्षं. माझ्या जुन्या गोदामातल्या माणसाने खास काढून दिली, सहा आठवडे राहिलेली आहेत आणि एकही मणी सुटलेला नाही. असं काम तुमच्या पेंढ्याला जमेल तेव्हा मला कळवा. पेटी तिच्या हातात द्यायची. तुम्ही उघडायची नाही. तुम्हाला ती आंबटच लागणार. वर तारीख घातली आहे. घरात आधीचं काही उरलं असेल, तर ते संपवून मगच ही काढा, एवढं तिला सांगा. तिला माहीतच आहे.

इकडे सगळं व्यवस्थित. जरा वजन उतरलं आहे, ते हवेमुळे. कामवाली सोडून गेली, बरं झालं, डबे इकडचे तिकडे करायची. गेल्या आठवड्यात जिन्यात पाय मुरगळला पण तो आता बरा आहे. हे तिला सांगायची गरज नाही. किंवा विषय निघालाच तर सांगा.

तुमचा साडू


२ जानेवारी

बर्फसाहेब,

पेटी पोचली. ताईंच्याच हातात दिली, कारण मी शब्दाचा पक्का आहे.

त्यांनी वरची तारीख बराच वेळ पाहिली. मग जे हसल्या! त्यांची धाकटी बहीण आतून धावत आली, तिला वाटलं रडतायत. एक मणी तोंडात टाकला आणि पेटी माझ्याकडे सरकवली. म्हणाल्या, "मास्तर, तुम्हीच काय ते करा." आता आमच्या घरात भर थंडीत द्राक्षं खाणं बसत नाही. शेजाऱ्याच्या कोंबड्यांना घातली. कोंबड्यांना नियम नसतात.

साहेब, हे मी तुम्हाला हिणवायला लिहीत नाही. नाही, हिणवायलाच लिहितो. तुमची उत्तम मालाची पेटी तुमच्याच बायकोने एक मणी चाखून दुसऱ्याला देऊन टाकली. तीन महिन्यांत माणसाची जीभ सुधारते, ही माझी पद्धत. आळीतले लोक मला आता विचारायला येतात. परवा एकाने या विषयावर चार शब्द बोला म्हणून बोलावलं होतं. तास-दीड तास बोललो.

भोपळ्यांबद्दल तुम्ही लिहिलंत त्याचं उत्तर माझ्याकडे आहे, पण ते लांबलचक आहे.

तुमच्या पायाबद्दल ताईंना सांगितलं. विषय निघाला नव्हता, मीच काढला. त्या उठून पेंढा पसरायला गेल्या.

मास्तर


९ जानेवारी

अगं,

त्या शिट्टीवाल्याशी पत्रव्यवहार करून माझी शाई वाया चालली आहे, म्हणून तुलाच लिहितो.

पुरे झालं आता. बहिणीला मदत झाली, हवापालट झाला, टेकडी चढून झाली. चार महिने होतील लवकरच. लोक विचारतात. मी सांगतो, बहिणीचं मनगट अजून दुखतं. असं मनगट कुणाचं दुखत नाही.

तुला चालायचंच असेल, तर आपल्या घरात बाहेरच्या दारापासून मागच्या गॅलरीपर्यंत सरळ वाट आहे. पूर्वीच सांगितलं होतं. ना चढ, ना दंव, ना शिट्टी. भाज्याच हव्या असतील, तर मधल्या खोलीतला मोठा फ्रीजर भरलेला आहे. मटार आहेत, फरसबी आहे, कणसं आहेत. सगळ्यावर तारखा आहेत. तू गेल्यापासून कसलाही क्रम चुकलेला नाही. मागे ठेवलेलं मागेच आहे.

त्या माणसाने तुझ्या डोक्यात काय भरवलं आहे ते मला दिसतं आहे. तू साधी आहेस. तुला कुणीही काहीही सांगावं आणि तू "हो" म्हणावं. त्याने कौतुक केलं म्हणून हुरळून जाऊ नकोस. द्राक्षांची पेटी तू देऊन टाकलीस ते कळलं. ती पेटी मिळवायला मला तीन जणांचे उंबरठे झिजवावे लागले, पण ते असो.

डॉक्टरकडे तुझी वेळ घेऊन ठेवली आहे. गादीवरची चादर बदलायची आहे, कपाटाची किल्ली सापडत नाही. या सगळ्यासाठी तुझी गरज आहे असं नाही. पण घर म्हटलं की घरात माणूस असावं. या महिनाअखेरच्या बसने निघ.

मी


१८ जानेवारी

अहो,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. त्यात चादर आहे, किल्ली आहे, फ्रीजर आहे, लोक आहेत. तुम्हाला माझी आठवण येते हे कुठेही नाही. ताकाला जाऊन भांडं लपवायची सवय तुमची जुनीच. भांडं लपवता लपवता माणूस ताकाशिवाय परत जातो, हे तुमच्या कधी लक्षात आलं नाही.

आधी त्या मास्तरचं सांगते, म्हणजे तुमची शाई वाचेल. तो माणूस मूर्ख आहे. मला त्याने काही शिकवलेलं नाही. मी त्याच्या रांगेत फक्त पहिले चार दिवस गेले. तो पुढे चालतो, मागे वळून कुणाचा पाय दुखतो ते बघत नाही, आणि वर पोचल्यावर भाषण करतो. पाचव्या दिवसापासून मी उलट्या बाजूने, ओढ्याच्या वाटेने एकटी जाते. त्याला अजून पत्ता नाही, कारण तो मागे बघतच नाही. टाकीपाशी मी त्याला भेटते, पण दुसरीकडून आलेली असते. आणि कोंबड्यांचं म्हणाल, तर शेजाऱ्याकडे कोंबड्या नाहीत. अवजारांच्या खोलीत, पेंढ्याच्या ढिगामागे बसून मास्तरांनी एकट्याने अख्खी पेटी संपवली. मी फावडं आणायला गेले तर तोंड भरलेलं. कोल्ह्याला ती आंबट लागली नाहीत हो. धाकटीला मी सांगितलेलं नाही, तिचा तेवढा एक समज तरी टिकू दे.

तेव्हा तुम्ही दोघं एकमेकांना पत्रातून बोचकारत बसता ना, ते मला दोन बोक्यांसारखं वाटतं. एक म्हणतो साठवा, दुसरा म्हणतो उपटा. घास जिच्या तोंडात जायचा आहे, तिला दोघांनीही विचारलेलं नाही.

आता तुम्ही विचारलं नाहीत तरी सांगते.

मी आले त्याच्या दुसऱ्या दिवशी धाकटी म्हणाली, "ताई, टोपलीतून गाजरं काढ." टोपली आताच वाफ्यातून आली होती, माती ओली होती. मी खाली बसले आणि गाजरं चाळायला लागले. सगळी वर-खाली केली. धाकटी म्हणाली, "काय शोधतेस गं?" मी म्हटलं, "जुनं. आधी जुनं संपवायला हवं ना." ती म्हणाली, "जुनं नाहीये. कालचं काल संपलं." मी तशीच टोपलीत हात घालून बसले. कुठलं उचलायचं तेच मला कळेना. धाकटीला वाटलं मला चक्कर आली. तिने धड हाताने एक गाजर धुऊन माझ्या हातात दिलं, आणि मी ते पायरीवर बसून खाल्लं आणि रडले. एवढ्या मोठ्या बाईने गाजर खाऊन रडावं! धाकटी घाबरली.

तुमच्या गोदामाचा नियम होता, आधी आलेला माल आधी बाहेर. गोदामाला तो ठीक असेल. तुम्ही तो घरी आणलात. लग्नानंतर पहिल्याच वर्षी मी मटारच्या शेंगा आणल्या होत्या, आठवतं? तुम्हाला कसं आठवेल. गॅलरीत बसून सोलता सोलता निम्म्या खाव्यात असा माझा बेत होता. तुम्ही आलात, म्हणालात, "गेल्या आठवड्यातला कोबी आहे अजून, आधी तो संपवू." शेंगांवर चिकटपट्टी लावून तारीख घातलीत आणि मागे सरकवल्या. त्यांची पाळी आली तेव्हा त्या पिवळ्या पडलेल्या. आणि तोवर पुढच्या ताज्या शेंगा आल्या होत्या, त्या मागे गेल्या. त्या दिवसापासून आपल्या घरात रोज ताजं आलं आणि रोज शिळं खाल्लं गेलं. पाव कालचा. पेरू डाग पडलेला. चाळीस वर्षं मी ताज्या भाजीची राखण केली. खाल्ली नाही.

तुम्ही कंजूष नाही. तुम्ही मारलं नाही, शिवी दिली नाही. मैत्रिणींना सांगायला गेले असते तर हसल्या असत्या, म्हणाल्या असत्या, एवढंच ना? एवढंच. पण माझं बोलणंही असंच मागे सरकत गेलं. आज काही सांगावंसं वाटलं, तर आधी तुमचं गोदाम, मग तुमचं वीजबिल, मग तुमचा मालवाहू ट्रक. माझी पाळी येईपर्यंत सांगण्यातली चव गेलेली असायची. मग मी "हो" म्हणायला लागले. तुम्ही त्याला साधेपणा म्हणता.

तुमच्या पेटीवरची तारीख बघून मी हसले ते याच्यामुळे. दोन गावांच्या पलीकडून, बसने, द्राक्षांबरोबर तुम्ही तो नियमही पाठवलात. आधीचं संपवून मग काढा! आणि जो एक मणी खाल्ला तो उत्तम होता, हे प्रामाणिकपणे सांगते. तुमच्या कामात खोट नव्हती. घरात होती.

मी चालते ते आरोग्यासाठी नाही. मला भूक लागावी म्हणून चालते. ओढ्यापर्यंत जाऊन चढ चढून आलं की पोटात आग पडते, आणि मग जे ताटात येतं ते मी आधी-नंतर न बघता खाते. गुडघे अजून दुखतात. मास्तरने काही लिहिलं असलं तरी दुखतात. पण दुखत दुखत जाता येतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. तुम्ही गॅलरीपर्यंतची वाट दाखवलीत.

महिनाअखेरच्या बसने मी येणार नाही. त्यानंतरच्याही नाही. डॉक्टरची वेळ तुम्हीच जाऊन या, वजन उतरलं आहे ना? हवेने वजन उतरत नाही. किल्ली चहाच्या जुन्या डब्यात आहे.

मी


१५ फेब्रुवारी

मास्तर,

हे पत्र तुम्ही एकट्याने वाचायचं आहे. मोठ्याने वाचू नका. तुम्हाला सगळं मोठ्याने करायची सवय आहे म्हणून सांगतो.

तुमच्याबद्दलचं माझं मत बदललेलं नाही. तुम्ही ढोंगी आहात. द्राक्षांचं काय झालं ते मला माहीत आहे. पण ते मी तुमच्या बायकोला कळवणार नाही, आणि त्याच्या बदल्यात तुम्ही मला काही माहिती द्यायची आहे. खरी माहिती. फुशारकी नको.

तिच्या पत्राला उत्तर लिहायला मी चार-पाच वेळा बसलो. तिचं चुकतं आहे हे मुद्देसूद मांडायचं होतं. साठा फिरता ठेवला नाही तर माल सडतो, हे कुठल्याही शहाण्या माणसाला पटेल. मी ते लिहिलं, वाचलं आणि फाडलं. गोदामात माझ्या हातून मालाची नासाडी कधी झाली नाही. घरी मी काय नासवलं ते कुठल्याच डब्यावर लिहिलेलं नव्हतं.

परवा कोपऱ्यावर एक बाई पाल्यासकट गाजरं घेऊन बसली होती. घेतली. घरी फ्रीजमध्ये आधीची होती. ओट्याशी उभा राहिलो, नवं एक धुतलं आणि खाल्लं. स्वतःच्याच घरात चोरी केल्यासारखं वाटलं, मागे वळून पाहिलं. कुणी नव्हतं. मास्तर, कुणी असायला हवं होतं. गाजर गोड होतं, याचं श्रेय तुम्हाला जात नाही. दुसरं मात्र खाववेना. मला एकट्याला जेवण जात नाही. ती गेली तेव्हापासून जात नाही. फ्रीजर काठोकाठ भरलेला आहे आणि मी बिस्किटं खातो.

तेव्हा विचारतो ते असं. बस सोडते तिथून तुमच्या दारापर्यंत चढ कसा आहे? एकसारखा आहे की मध्ये सपाट लागतं? कठडा पूर्ण वाटेला आहे की फक्त वळणावर? बसायला काही आहे का? माझा मुरगळलेला पाय थंडीत धरतो. रोज सकाळी आमच्या इमारतीचा जिना चढून-उतरून बघतो आहे, लिफ्ट सोडली आहे. शेजारी विचारतात, लिफ्ट बिघडली का? मी हो म्हणतो.

तिला न्यायला मी येत नाही, हे नीट समजून घ्या. न्यायला आलो असं तिला वाटलं तर ती दार लावून घेईल, आणि तिचं बरोबर असेल. मला तिच्यासमोर बसून जेवायचं आहे. बास. तिने काही बोलायला घेतलं तर ऐकायचं आहे. मग तुमचा तो बीट-कोबी मुकाट्याने गिळीन. तुमचं भाषणही एक वेळ ऐकीन, पण एकच वेळ.

तिला यातलं काही सांगू नका. नाही म्हणाली तर कळवा.

साडू


२१ फेब्रुवारी

अहो,

मास्तरांनी तुमचं पत्र अंगणात उभं राहून मोठ्याने वाचलं. आम्ही दोघी, शेजारचे आजोबा आणि दूधवाला एवढ्यांनी ऐकलं. "तुम्ही ढोंगी आहात" इथपर्यंत आले तेव्हा थबकले, पण खणखणीत आवाजाची सवय, थांबता आलं नाही. द्राक्षांपाशी धाकटीने त्यांच्याकडे असं बघितलं की पुढचं पत्र तिनेच हातातून घेतलं आणि वाचलं. चार दिवस झाले, त्यांच्यात बोलणं नाही. फळा कोरा आहे. त्यामुळे तुमच्या चढाची माहिती मीच देते.

चढ एकसारखा नाही. सुरुवातीला फसवा आहे, सोपा वाटतो, मग दोन वळणं जीव काढतात. कठडा फक्त वळणांवर आहे. दुसऱ्या वळणावर दगडी बाक आहे, तिथे बसा, पण फार वेळ नको, पाय गार पडले की धरतात. मास्तर तुम्हाला घ्यायला येतो म्हणतील, शिट्टी घेऊन. नको म्हणा. मीही खाली घ्यायला येणार नाही. आलेच तर सवयीने तुमची पिशवी मी उचलीन, आणि मग सगळं होतं तिथेच येईल.

तुम्ही काही फार बदलला असाल अशी माझी समजूत नाही. एका गाजराने माणूस बदलत नाही. इथे आलात की माळ्यावरच्या भोपळ्यांना तारखा घालाल, मला माहीत आहे. मी पुन्हा त्या घरी कधी येईन, येईन की नाही, हे मला आज सांगता येत नाही, आणि तुम्ही विचारायचं नाही. विचारलंत तर मी उठून ओढ्यावर निघून जाईन.

पण तुम्ही लिहिलंत की एकट्याला जेवण जात नाही. हे असं तुम्ही मला तोंडाने, कागदावर, कुठे म्हणून कधी सांगितलं नव्हतं. सांगितलंत तेही मास्तरला! माझ्या संतापाला पारावार नाही. धाकटी वाचत होती आणि मला वाटत होतं, हा कागद मलाच का आला नाही?

बुधवारची बस अकराच्या सुमाराला येते. तुमच्या चालीने वर यायला बराच वेळ जाईल. पानं आम्ही एक वाजता वाढतो. तुम्हाला उशीर झाला तर मास्तर थांबायचे नाहीत, धाकटीलाही भूक निघत नाही, ती दोघं जेवून घेतील. मी थांबेन.

मी